हंगामी हवालदार

शिवकाळात गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी असत. तिघांनी एकमेकांवर नजर ठेवायची, म्हणजे कुणा एकाला फितूर होता येत नाही. लोहगडावर पावसाळ्यात ही तिन्ही पदं मीच सांभाळतो. फितूर व्हायची सोय मात्र नाही, कारण शत्रू तिकीट काढूनच आत येतो.

नेमणूक जुलै ते सप्टेंबर. इतिहासात एमए झालोय, स्पर्धा परीक्षेचा निकाल यायचाय. सरंजाम म्हणजे एक रेनकोट, एक शिट्टी आणि गळ्यातलं ओळखपत्र; त्यावरचा फोटो पहिल्याच पावसात वाहून गेला. आई शेजारीपाजारी 'पोरगा गडावर असतो' एवढंच सांगते, पुढचं ऐकणाऱ्यावर सोडते.

रविवारी पुण्याहून आलेली लोकल मळवलीला रिकामी होते आणि दीड-दोन तासांत ती सगळी गणेश दरवाजात उभी राहते. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी ओळीनं चार दारं, मधली वाट सापासारखी वळत गेलेली. चढणारा सतत वरच्या तटाच्या माऱ्यात. शत्रूला झटपट वर येता येऊ नये, हा बांधणाऱ्याचा हेतू आजही तंतोतंत सफल होतोय. नारायण दरवाजात एक जोडपं सेल्फीला थांबलं की खाली अख्खी फौज ठप्प. मी शिट्टी मारतो. शिट्टीत पाणी गेलेलं असतं, त्यामुळे ती गुळण्या केल्यासारखी वाजते. जोडपं दचकतं आणि म्हणतं, "काका, जरा आमचा एक काढता का?"

मी चोवीस वर्षांचा आहे. काका रेनकोटामुळे.

२०२५ मध्ये बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यात लोहगडही आला. तेव्हापासून लोकांच्या अपेक्षाही जागतिक झाल्यात. विंचूकाट्यावर, म्हणजे गडाच्या विंचवाच्या नांगीसारख्या लांब सोंडेवर, एका गृहस्थांनी समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बोट दाखवून विचारलं, "व्ह्यू कुठंय?" म्हटलं, "तिकडं पवना धरण, मागं विसापूर. सध्या ढगात आहेत." ते तिकिटाचे पैसे परत मागू लागले. लक्ष्मीकोठीपाशी तर रोजचाच प्रश्न. सुरतेची लूट इथं ठेवली होती असं सांगतात, हे ऐकलं की कुणीतरी आवाज खाली आणून विचारतंच, "मग आता काही शिल्लक?"

नाना फडणवीसांनी बांधलेलं सोळा कोनांचं तळं हा माझा खरा आधार. एखादं टोळकं तटावर चढून नाचायला लागलं की मी म्हणतो, "या तळ्याचे कोन बरोबर सोळा आहेत, असं म्हणतात बुवा." बस्स. एक पंधरा मोजतो, दुसरा सतरा. मग पुन्हा पहिल्यापासून. अर्धा तास तट सुरक्षित. साडेतीन शहाण्यांत नानांना अर्धंच मोजतात, हे मला तरी पटत नाही. रविवारी वर येतात ते मात्र सगळे पूर्ण शहाणे.

खरा प्रसंग संध्याकाळी. रायगडाचे दरवाजे मिटले म्हणून हिरकणी कडा उतरून घरी गेली. इथं दरवाजे सताड उघडे असतात आणि कुणी उतरायला तयार नसतं. गेल्या रविवारी मी घसा आणि शिट्टी दोन्ही फुटेपर्यंत ओरडलो. "हो काका, पाचच मिनिटं," म्हणत पब्लिकनं वेफर्सचं नवं पाकीट फोडलं.

त्या आवाजासरशी तटावर एक थोराड माकड येऊन बसलं. गडावर कायमस्वरूपी नोकरी फक्त माकडांची, मी हंगामी. त्यानं शांतपणे खाली उतरून ते पाकीट ताब्यात घेतलं, दोन वेफर्स खाऊन पाहिले आणि उरलेल्या पिशव्यांवरून सावकाश नजर फिरवली. शिट्टी नाही, आरडाओरडा नाही. भराभर चेनी लागल्या, लेकरं कडेवर गेली आणि माणसं एकामागे एक, रांगेत, धक्काबुक्की न करता पायऱ्या उतरू लागली.

मी वही काढली आणि 'गड रिकामा केला, सायंकाळी ६.१०' अशी नोंद केली. 'केला' की 'झाला', यावर थोडा अडलो. माकडानं माझ्या डब्याच्या पिशवीकडे पाहिलं, तशी वही मिटून मीही निघालो.