‘रुजू झालात की हक्क संपला’ म्हणे!

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. वर लाल दिव्यांची रांग, खाली ‘प्रत्येक कामगारापर्यंत पोहोचवा’. मजकूर असा: कामावर इजा झाली आणि चूक तुमची असली तर एक रुपया मिळत नाही. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात, फक्त गोळ्या मिळतात. ठेकेदाराच्या माणसाला काहीच नाही. येता-जाता अपघात झाला तर कंपनीचा संबंध नाही. परत आल्यावर हलकं काम मिळेलच असं नाही. परत कामावर रुजू झालात की सगळे हक्क संपतात, म्हणून आधी मालकाशी समजुतीनं मिटवून घ्या.

ऑगस्ट 2022 मध्ये अंबडच्या एका प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या यंत्रांच्या शॉपमध्ये) माझ्या डाव्या तर्जनीचं वरचं पेर गेलं. त्यामुळे यातलं बरंचसं मी कागदावरून नाही, अंगावरून शिकलोय.

‘चूक तुमची असली तर’ यापासूनच सुरुवात करू. प्रेसवर बोट गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘लक्ष कुठं होतं तुझं?’ आमच्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हात गुंतल्याशिवाय स्ट्रोक बसू नये, म्हणजे प्रेस खाली येऊ नये, यासाठीच ती असतात. टार्गेट वाढलं तसं एक बटण तारेनं कायमचं दाबून ठेवलेलं होतं. एका हातानं बटण, दुसऱ्यानं जॉब, म्हणजे पत्र्याचा तुकडा, सरकवायचा. तासाला शंभर नग जास्त निघायचे, तेव्हा ती तार सगळ्यांना दिसत होती आणि कुणालाच दिसत नव्हती. बोट गेल्यावर मात्र ती ‘माझी’ झाली.

कायद्याला हा प्रश्न पडत नाही. 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यात कामगाराचा साधा निष्काळजीपणा ही मालकाची सुटका नव्हतीच. सुटायला मोजक्या वाटा होत्या: कामगार नशेत होता, किंवा त्यानं सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडला, किंवा यंत्राचा संरक्षक गार्ड मुद्दाम काढला. त्यातही मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर त्या वाटाही बंद. ईएसआयचा 1948 चा कायदा तर आणखी पुढे गेला. नियम मोडला असला, तरी काम मालकाच्याच धंद्यासाठी चाललं होतं ना, मग ती कामावरचीच इजा.

‘फक्त गोळ्या मिळतात’ हे वाक्य कुठून येतं ते मला माहीत आहे. त्या दिवशी सुपरवायझर मला गाडीवर मागे बसवून एका खाजगी दवाखान्यात घेऊन गेला. हाताला कॉटन वेस्ट गुंडाळलेलं. वाटेत म्हणाला, ‘घरी दारात बोट सापडलं असं सांग, खर्च आम्ही बघतो.’ मी सांगणारच होतो. पण शॉपमधले जुने ऑपरेटर, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, त्यांचा फोन आला. ‘केस पेपरवर काय लिहिलंय ते आधी वाच. कंपनीत प्रेसवर लागलं असंच लिहून घे.’

त्या एका ओळीनं किती फरक पडतो बघा. घरी लागलं म्हटलं की तो आजारपणाचा लाभ: पगाराच्या 70 टक्के, वर्षाला 91 दिवसांपर्यंत, आणि त्यासाठी ठरावीक दिवसांची वर्गणी आधी भरलेली हवी. कामावर लागलं म्हटलं की 90 टक्के, डॉक्टर फिट देईपर्यंत, कामाचा पहिला दिवस असला तरी. मी अठ्ठावन्न दिवस घरी होतो. तेव्हा माझा पगार 14,400, म्हणजे 90 टक्क्यांनी दिवसाचे 432 धरून पंचवीस हजारांच्या आसपास. शिवाय घरच्या दारात बोट गेलं असतं, तर मेडिकल बोर्डाचा विषयच निघाला नसता.

आता बोर्डावरून मुख्य मुद्द्याकडे, कारण मेसेजमधली सगळ्यात घातक थाप हीच आहे. रुजू झालं की हक्क संपतो म्हणे. उलट आहे. मेडिकल बोर्ड कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवतं, आणि त्याचा तक्ता कायद्यालाच जोडलेला आहे: अख्खी तर्जनी गेली तर 14 टक्के, तिची दोन पेरं गेली तर 11, एक पेर गेलं तर 9, आणि अंगठा गेला तर 30. माझे 9 टक्के. दिवसाच्या 432 चे 9 टक्के, महिन्याला अकराशेच्या पुढे. रक्कम लहान आहे, पण आयुष्यभराची आहे आणि मी रोज ड्युटीवर असताना पगाराच्या वर येते. नोकरी बदलली तरी येते. रुजू होणं आणि हक्क सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही भीती घालून किती जणांना घाईघाईनं ‘फुल अँड फायनल’वर सही करायला लावलंय, देव जाणे.

मधल्या काळात काढून टाकतील ही भीती खरी असते. 1948 च्या कायद्याचं कलम 73 त्यासाठीच होतं. इजेचा लाभ चालू असताना कामावरून काढता येत नव्हतं, तशी नोटीस दिली तर ती ग्राह्य धरली जात नव्हती.

एका बाबतीत मात्र मेसेजवाल्याच्या बाजूनं बोललं पाहिजे. ‘परत आल्यावर हलकं काम मिळेलच असं नाही’ असं तो म्हणतो, ते खरं आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढायचं नाही, त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं, ही सक्ती 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी आस्थापनांवर आहे. एसटीच्या ड्रायव्हरला ती कामी येते, प्रेस शॉपच्या हेल्परला नाही. मला महिनाभर पॅकिंगला बसवलं, ते केवळ नानांनी भांडून.

ठेकेदाराच्या माणसाबद्दल फार बोलायची गरज नाही. काम कंपनीच्या धंद्याचं असेल, तर मूळ मालक भरपाईला बांधील असतो. त्यानं ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी, तो त्यांचा आपसातला मामला.

येता-जाता झालेला अपघात: ईएसआयमध्ये तो 1 जून 2010 पासून धरला जातो, फक्त प्रवासाचा कामाशी संबंध दिसला पाहिजे. 29 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं हाच अर्थ 1923 च्या कायद्यालाही लावला. प्रकरण आपल्याच राज्यातलं, साखर कारखान्याच्या रखवालदाराचं. पहाटे तीनच्या ड्युटीला मोटरसायकलवर निघालेला, कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना वाटेतच गेला. अपघात 2003 चा, निकाल 2025 चा. सिडकोतून पहाटे अंबडला निघणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

21 नोव्हेंबर 2025 पासून हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत गेले आहेत. मी इथे जुनी कलमं सांगतोय, कारण माझं प्रकरण त्याखालचं. घरून कामावर जातानाचा अपघात तर संहितेत स्पष्टच लिहून घातलाय.

राहिला ‘समजुतीनं मिटवा’चा सल्ला. ज्यांचा पगार 21,000 च्या वर आहे, ते बहुतेक ईएसआयबाहेर असतात आणि त्यांनाच स्टॅम्प पेपर पुढे केला जातो. 1923 च्या सूत्रानं हिशेब करू. वय 30, धरायचा पगार जास्तीत जास्त 15,000. त्याचे 60 टक्के, गुणिले 207.98 (कायद्यातल्या तक्त्यात तिशीसाठी दिलेला आकडा), त्याचे 14 टक्के. अख्ख्या तर्जनीचे 2 लाख 62 हजार होतात. आमच्या शेजारच्या शॉपमधल्या एकाला तेवढ्याच बोटाचे चाळीस हजार दिले, वर पेढ्यांचा बॉक्स. ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून घेतलं. भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार त्या कायद्याच्या कलम 17 नं मुळातच रद्द ठरतो, हे त्याला माहीत नव्हतं. दाव्याला मुदत दोन वर्षांची होती. मी त्याला सांगितलं तेव्हा सव्वा वर्ष गेलं होतं.