'गावात वायरचा नाद सोडा' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर बरेच दिवस फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच: 'गावाकडे घरात चांगलं नेट पाहिजे असेल तर केबलच्या मागे लागू नका. वायरचा जमाना गेला. सरकारी फायबर ग्रामपंचायतीत येऊन पडलंय, चालत नाही. खाजगीवाल्यांना गाव परवडत नाही. आता फाइव्ह-जी आलंय, वरून सॅटेलाइट येतंय. तोपर्यंत मोठा प्लॅन घ्या, नाहीतर बूस्टर बसवा.'

यातली जवळपास प्रत्येक ओळ थोडी खरी आहे, आणि म्हणूनच लोक ती पटून पुढे पाठवतात. पण त्यामुळे गावाचं नुकसान होतं. फायबर, म्हणजे इंटरनेट आणणारी काचेची तार, कुठल्या वाडीत जायचं हे बऱ्याच अंशी मागणीवर ठरतं, आणि हा मजकूर वाचून माणसं मागणी करायचंच थांबवतात. मी सिंधुदुर्गातला, त्यामुळे उदाहरणं इकडचीच येतील. पण घाटावर किंवा विदर्भात राहणाऱ्यालाही ती ओळखीची वाटतील.

पहिलं, 'वायरचा जमाना गेला'. मोबाइलचा टॉवर हवेतून इंटरनेट काढत नाही. टॉवरपासून आपल्या फोनपर्यंतचा टप्पा तेवढा बिनतारी असतो. टॉवरच्या मागे फायबर असतं, किंवा ते नसेल तर शेजारच्या टॉवरकडे रोखलेली मायक्रोवेव्हची थाळी असते. ग्रामीण भागात असे थाळीवरचे टॉवर भरपूर आहेत. फोनवर रेंजच्या सगळ्या दांड्या भरलेल्या दिसतात आणि तरी रात्री नऊला व्हिडिओ गोल गोल फिरत राहतो, त्याचं एक मोठं कारण हे आहे. दांड्या टॉवर आणि फोन यांच्यामधलं बोलणं किती स्पष्ट आहे एवढंच दाखवतात. टॉवरच्या मागची वाट किती रुंद आहे आणि त्याच टॉवरवर आत्ता किती जण आहेत, हे त्यात दिसत नाही. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ब्रॉडबँड मिशनने ७० टक्के टॉवर फायबरने जोडायचं उद्दिष्ट ठेवलं ते याचसाठी. बिनतारी सेवा चांगली हवी असेल तरी आधी फायबर गावापर्यंत यावंच लागतं.

आता घरगुती फायबरचा हिशेब बघा. जीपॉन नावाच्या तंत्रात कंपनीकडच्या एका पोर्टमधून येताना सुमारे २.५ गिगाबिटचा, म्हणजे अडीच हजार एमबीपीएसचा वेग मिळतो आणि तो सहसा ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. चौसष्टच्या चौसष्ट घरांनी एकाच क्षणी पूर्ण जोर लावला तरी प्रत्येकाच्या वाट्याला ३८-३९ एमबीपीएस येतात. उच्च दर्जाच्या व्हिडिओला पाचेक एमबीपीएस पुरतात. टॉवरच्या एका बाजूवर शेकडो फोन असतात, तिथे हे गणित असं बसत नाही. शिवाय काचेची तार एकदा टाकली की पुढे वेग वाढवायला फक्त दोन टोकांची यंत्रं बदलावी लागतात.

फाइव्ह-जीबद्दल मेसेज अगदीच चूक नाही. ऑक्टोबर २०२२ पासून ते देशात आहे, आणि २०२३ पासून छपरावर यंत्र बसवून घरात वाय-फाय देणाऱ्या एअरफायबरसारख्या सेवा आल्या. तुमच्या छपरावरून टॉवर समोर दिसत असेल आणि फायबर जवळपास नसेल, तर ती सेवा आजच घ्या. मीही तसंच सांगतो. फक्त घेण्याआधी त्याच वाडीत ज्याने घेतली आहे त्याच्याकडे रात्री जाऊन वेग मोजा. दुपारचा आकडा फसवा असतो. आणि ज्या घरासमोर डोंगराची सोंड आडवी आली आहे, त्या घरासाठी फाइव्ह-जी मुंबईत कितीही धावलं तरी उपयोगाचं नाही. फाइव्ह-जीच्या ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरी टेकडी आणि जाड भिंत ओलांडताना दमतात. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, पण त्यांचा पट्टा अरुंद, म्हणून वेगही बेताचा.

'सरकारी फायबर ग्रामपंचायतीत पडून आहे' ही मेसेजमधली सर्वांत खरी ओळ. म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली. २०१५ पासून तिचं नाव भारतनेट. पहिल्या टप्प्यात डिसेंबर २०१७ पर्यंत एक लाख ग्रामपंचायती जोडल्या. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने महानेट म्हणून काम स्वतःकडे घेतलं. देशभरात दोन लाख चौदा हजारांच्या आसपास ग्रामपंचायती 'सेवेसाठी सज्ज' असल्याचं सरकार सांगतं. सज्ज असणं आणि चालू असणं यात फार अंतर आहे, हे ज्याने ग्रामपंचायतीच्या कपाटातला फायबरच्या यंत्राचा तो बंद डबा पाहिला आहे त्याला सांगायला नको.

तो बंद का पडला याची कारणं मात्र माहीत आहेत. फायबर तालुक्यापासून एकेका पंचायतीपर्यंत सरळ रेषेत नेलं होतं, त्यात काही भाग जुन्याच केबलचा. वाटेत एके ठिकाणी जेसीबीचा दात लागला की पुढच्या सगळ्या पंचायती अंधारात. डब्याला वीज हवी, बॅटरी हवी, आणि लाइट गेल्यावर तो पुन्हा सुरू करणारं कोणी हवं. यांपैकी कशाचीच जबाबदारी गावात कोणावर नव्हती. आणि मुळात उद्दिष्टच पंचायतीच्या दारात संपत होतं. कोकणात पंचायतीचं ऑफिस एका वाडीत आणि माणसं पाच-सात वाड्यांत, मध्ये वहाळ (ओढा) आणि सडा (खडकाळ पठार). ऑफिसात नेट आलं म्हणून वरच्या वाडीतल्या मुलीला काय मिळालं? लॉकडाउनमध्ये आमच्याकडची मुलं डोंगरावर ताडपत्री बांधून वर्गाला बसत होती, तेव्हा खालच्या रस्त्याच्या कडेला फायबरची खूण दाखवणारे दगड उभे होते. त्या गोष्टीचा राग मला अजून येतो.

पण यावरून 'फायबर निरुपयोगी' असा निष्कर्ष काढणं चूक आहे. बिघाड वीज, देखभाल आणि मांडणीत होता. जमिनीतली धड काच काही कुजलेली नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट मंजूर केला, त्यात नेमक्या याच गोष्टींना हात घातला आहे. सरळ रेषेऐवजी वर्तुळाकार जोडणी, म्हणजे एका बाजूने तुटलं तरी दुसरीकडून चालू राहावं. दहा वर्षांची देखभाल कंत्राटातच. पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरांना जोडण्याचं लक्ष्य. आणि पंचायतीचं मुख्यालय नसलेल्या सुमारे ३.८ लाख गावांना फायबर 'मागणीनुसार'. हा शेवटचा शब्द मेसेज पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने दोनदा वाचावा. ज्या गावाने मागणीच केली नाही, त्याला कोणी आपणहून आणून देणार नाही.

म्हणून ग्रामसभेत विचारायचे प्रश्न साधे आहेत. डबा चालू आहे का? त्याचं वीजबिल कोण भरतं? पंचायतीपासून घरापर्यंत लाइन नेणारा भारतनेट उद्यमी आपल्या भागात नेमलेला आहे का, आणि तो कोण? उद्यमी म्हणजे स्थानिक माणूसच. तो घरोघरी जोडण्या देतो, बिघाड काढतो, आणि बिलातला वाटा त्याला मिळतो. गावात एखादा आयटीआय झालेला मुलगा असेल तर हे काम त्यालाही करता येईल.

'खाजगीवाल्यांना गाव परवडत नाही.' याचं उत्तर घरातल्या रिचार्जमध्ये आहे. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा पॅक तीनशे ते साडेतीनशे रुपयांना पडू लागला. चार फोनांचं घर बाराशे ते चौदाशेवर गेलं, आणि २८ दिवसांच्या हिशेबाने वर्षाला तेरा रिचार्ज होतात. म्हणजे पैसे गाव देतंच आहे. केबलवाल्याला अडचण असते ती अंतराची. दीड किलोमीटर आतल्या एका घरासाठी तो तार ओढणार नाही. त्याच अंतरावर पंचवीस घरं एकत्र सांगत असतील तर त्याचा हिशेब बसतो. एकेकट्याने फोन करून 'आमच्याकडे कधी येणार' विचारण्यापेक्षा वाडीची यादी घेऊन त्याच्याकडे जाणं म्हणूनच फळाला येतं.

जोडणी घेताना दोन गोष्टींवर अडून बसा. आमच्याकडे तार विजेच्या खांबांवरून, आंब्या-फणसाच्या खोडांवरून टांगत आणतात. वानरं तिच्यावर झोके घेतात, वाऱ्यात फांदी पडते. खांबावर क्लॅम्प लावून घ्या आणि घराजवळ थोडी जास्तीची तार गुंडाळून ठेवायला सांगा, म्हणजे तुटल्यावर नवीन जोड द्यायला जागा राहते. दुसरं, माणूस यंत्र लावून 'पॉवर', म्हणजे तारेतून येणाऱ्या प्रकाशाची ताकद, डीबीएममध्ये मोजतो, तो आकडा विचारून लिहून ठेवा. उणे वीसच्या आसपास असेल तर उत्तम. उणे सत्तावीस ही साधारण हद्द. उणे पंचवीस-सव्वीसवर सोडून गेला, तर मेमध्ये चालेल आणि पहिल्या पावसात जोडाच्या पेटीत पाणी शिरलं की मॉडेमवर लाल दिवा लागेल, म्हणजे लाइन बंद. चांगल्या मशीनने नीट केलेला जोड आणि घाईत दाबून बसवलेलं कनेक्टर यांतला फरक तेव्हा कळतो.

'मोठा प्लॅन घ्या' हा सल्ला पैसे वाया घालवणारा आहे. टाकीला पाणीच येत नसेल तर मोठी तोटी बसवून काय होणार? आधी लॅपटॉप लॅनच्या वायरने थेट मॉडेमला जोडून वेग मोजा. तिथे प्लॅनएवढा वेग मिळाला तर लाइन ठीक आहे, आणि दोष घरातल्या वाय-फायचा. जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंतीतून पाच गिगाहर्ट्झचं वाय-फाय जेमतेम पलीकडे जातं, २.४ गिगाहर्ट्झ जातं, पण हळू. पडवीत राउटर आणि मागच्या खोलीत मुलगा अभ्यासाला, असं असेल तर शंभराचा प्लॅन तीनशेचा करून त्याला काही मिळणार नाही. माजघरापर्यंत लॅनची वायर नेऊन तिथे दुसरा राउटर लावा. जुन्या राउटरचं पोर्टच शंभर एमबीपीएसचं असतं, हेही तपासा. तारेवरच वेग कमी आला तर मात्र तक्रार करा, तक्रार क्रमांक घ्या, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. ती सोय दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या नियमांनीच दिलेली आहे.

बूस्टरबद्दल थोडक्यात आणि स्पष्ट: परवान्याशिवाय सिग्नल वाढवणारा मोबाइल बूस्टर बाळगणं, विकणं, बसवणं बेकायदेशीर आहे. दूरसंचार विभागाने जुलै २०२२ मध्ये ऑनलाइन विक्रीबाबतही हेच बजावलं होतं. तुमच्या घरात दोन दांड्या वाढतात आणि तो टॉवरकडे जो गोंगाट पाठवतो त्याने अख्ख्या गावाचे कॉल तुटू शकतात. त्यापेक्षा सिम टाकायचा राउटर घ्या, त्याला बाहेर अँटेना जोडायची सोय असलेला, आणि अँटेना छपरावर काठीला बांधून टॉवरकडे रोखा. हा तुमचाच फोन उंच जागी ठेवल्यासारखा प्रकार आहे, त्यात बेकायदेशीर काही नाही. फायबर येईपर्यंत अनेक घरांचं काम त्यावर निभतं.

राहिला सॅटेलाइट. त्याची गरज मी नाकारत नाही. उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीला २०२५ मध्ये भारतात परवाना मिळाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव या जिल्ह्यांसाठी त्यांच्याशी इरादापत्र केलं. भामरागड किंवा धडगावच्या डोंगरातल्या पाड्यावर, जिथे रस्ताच नाही तिथे, तार ओढायचा हट्ट धरून मुलांना आणखी दहा वर्षं थांबवणं अन्याय होईल. तिथल्या शाळेला आणि आरोग्य केंद्राला आकाशातूनच द्यावं. जुने उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर, म्हणून बोलताना उत्तर अर्ध्या सेकंदाहून उशिरा यायचं. हे नवे सुमारे पाचशे किलोमीटरवरचे, त्यामुळे ती अडचण बरीच गेली आहे.

पण ज्या वाडीच्या खालून, दोन किलोमीटरवर, फायबर गेलेलं आहे तिने आकाशाकडे बघत का थांबावं? सॅटेलाइटच्या थाळीला मोकळं आकाश लागतं. माडा-पोफळींच्या बागेतल्या घराला ते कुठून आणणार? धो धो पावसात सिग्नल पडतो. थाळीला ५० ते १०० वॉट वीज लागते. फायबरचा मॉडेम आणि राउटर मिळून दहा-पंधरा वॉटवर चालतात, लाइट गेली तरी छोट्या यूपीएसवर दोन-तीन तास. आणि एका भागावरची उपग्रहाची क्षमता तिथल्या सगळ्या थाळ्यांत वाटलीच जाते.

यादी करायची तर अशी करा: घरमालकाचं नाव, वाडी, जवळच्या खांबापासूनचं अंतर, घरात शिकणारं किंवा घरून काम करणारं कोणी आहे का, आणि महिन्याला किती रुपये द्यायची तयारी आहे. त्याला ग्रामसभेचा ठराव जोडा. एक प्रत बीएसएनएलच्या जिल्हा कार्यालयाला, कारण देशाच्या बऱ्याच भागात सुधारित भारतनेटचं काम त्यांच्याकडे आहे. एक गटविकास अधिकाऱ्यांना. एक तालुक्यातल्या केबलवाल्याला. सगळीकडून पोच घ्या. त्याच ठरावात आणखी एक ओळ घाला: गावात पाइपलाइन किंवा रस्त्यासाठी खणण्याआधी ठेकेदाराने २०२३ मध्ये आलेल्या 'कॉल बिफोर यू डिग' ॲपवर नोंद करावी, आणि ती नोंद दाखवल्याशिवाय पंचायतीने खोदाईला परवानगी देऊ नये.