नको म्हणजे नको

जर्मनीला जाताना मी दोनच शब्द पाठ केले होते. 'डांके' म्हणजे आभारी आहे आणि 'नाइन' म्हणजे नको. कोलोनला राहणारा भाचा म्हणाला, "मामा, एवढ्यावर आठवडा निघेल." निघाला. फक्त जिथे डांके म्हटलं तिथे मी उपाशी राहिलो, आणि जिथे नाइन म्हटलं तिथून मला धरून घरी आणावं लागलं.

उपासाची गोष्ट आधी. रविवारी भाच्याच्या घरमालकीण आजींनी चारच्या कॉफीला बोलावलं. आम्ही चार वाजून सात मिनिटांनी पोचलो. आजींनी घड्याळाकडे पाहिलं नाही, पण पाहिलं नाही हे आम्हाला कळेल असं पाहिलं नाही. टेबलावर आलुबुखाराचा केक होता. वर लोण्यातला रवाळ चुरा, खाली आंबटगोड फोडींचा गर, आणि शेजारी फेटलेल्या क्रीमचं भांडं. पहिला तुकडा कधी संपला ते कळलंच नाही. आजींनी सुरी उचलून हिला विचारलं, "आणखी?"

ही सांगलीची. पहिलं 'नको' रीतीचं, दुसरं लाजेचं, आणि तिसऱ्याला "बरं, अगदी अर्धा" म्हणायचं, हे तिच्या रक्तात आहे. ती गोड हसून "नो, नो" म्हणाली आणि दुसऱ्या आग्रहाची वाट बघत बसली. तो आलाच नाही. तिची फजिती बघून मी शहाणा झालो. सुरी माझ्याकडे वळताच अगदी मनापासून म्हणालो, "डांके!" आजींनी मान डोलावली आणि केकवर झाकण ठेवलं.

जिन्यात भाचा म्हणाला, "मामा, काही देऊ केल्यावर इथे नुसतं डांके म्हणजे 'नको, आभारी आहे'. हवं असेल तर 'बिट्टं' म्हणायचं."

"हे जिना चढताना सांगायचंस की!"

रविवार असल्यामुळे दुकानंही बंद. रात्री हिने बरोबर आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच कथीड्रल, म्हणजे तिथलं मोठं चर्च, बघायला गेलो. दक्षिण मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या चढून उतरल्यावर घसा कोरडा पडला होता, म्हणून जवळच्या एका ब्राऊहाउसमध्ये शिरलो. ब्राऊहाउस म्हणजे मुळात बिअर गाळायची जागा. आता तिथे लाकडी बाकं, गोंगाट आणि जेवण. भाचा ऑफिस सुटल्यावर येणार होता.

इथल्या वेटरला क्योबेस म्हणतात. निळा सदरा, निळा एप्रन आणि चेहऱ्यावर पुण्याच्या जुन्या दुकानदाराचा जिव्हाळा. हिने पाणी मागितलं. तो इंग्रजीत म्हणाला, "साबण आणि टॉवेलही आणू का?" हिने मुकाट्याने सफरचंदाच्या रसाचा सोडा घेतला.

मेनूत 'हाल्वे हान' दिसलं. मोबाइलने सांगितलं, अर्धा कोंबडा. मी खूश. हिच्यासाठी 'हिम्मेल उन एएद', म्हणजे स्वर्ग आणि पृथ्वी, शोधून काढलं. स्वर्ग म्हणजे झाडावरची सफरचंदं, पृथ्वी म्हणजे जमिनीतले बटाटे. इतकं सात्त्विक नाव तर आपल्याकडच्या उपासाच्या थाळीलाही नसतं. आलं ते असं: माझ्या कोंबड्याच्या जागी राय नावाच्या धान्याचा पाव, चीजचा जाड तुकडा, कांदा आणि मोहरीची चटणी. हिच्या स्वर्ग-पृथ्वीवर तळलेल्या काळ्या चकत्या. चकत्या रक्ताच्या सॉसेजच्या निघाल्या. हिने काही न बोलता ताटल्यांची अदलाबदल केली. चकत्या चांगल्या लागल्या, पण हे मी तिच्यासमोर बोललो नाही.

तर बिअर. तिचं नाव क्योल्श, आणि ग्लास एवढासा, ०.२ लिटरचा. पिंपातून काढलेली ही बिअर ग्लासात रेंगाळली की फेस बसतो आणि मजा जाते, म्हणून थोडी थोडी, ताजी ताजी. आपल्याकडे चहाचा पोऱ्या तारेच्या कडीतून कटिंग आणतो, तसे क्योबेसच्या हातातल्या गोल कडीत दहाबारा ग्लास. तुमचा ग्लास रिकामा दिसला की तो न विचारता भरलेला ठेवतो आणि ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ मारतो.

आता माझी अडचण समजून घ्या. पानात टाकायचं नाही, हे मला लहानपणी धपाटे घालून शिकवलेलं आहे. समोर आलं की संपवायचं. मी संपवलं की तो आणायचा, आणि त्याने आणलं की मी संपवायचो. ज्या गावाने १२४८ मध्ये सुरू केलेलं कथीड्रल १८८० मध्ये पुरं केलं, तिथे दुसरा ग्लास यायला दोन मिनिटंही लागू नयेत? मी "नाइन, नाइन" म्हणत हात पसरायचो, तोवर ग्लास टेकवून तो पुढच्या बाकाशी पोचलेला असायचा.

ही म्हणाली, "तुम्ही नाइन नाइन काय म्हणताय? त्याला वाटतंय नऊ हवेत."

भाचा आला तेव्हा मी शेजारच्या जर्मन गृहस्थांना सांगलीची हळद समजावून सांगत होतो. भाच्याने माझी चकती उचलून ग्लासावर झाकण घातल्यासारखी ठेवली. क्योबेस आला, चकती पाहिली, मान हलवली आणि निघून गेला. इतकंच! आपण पंगतीत ताटावर दोन्ही हात आडवे धरतो, त्याची इथे ही पुठ्ठ्याची चकती. रेघा मोजल्या. नऊच होत्या. हिने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

ती चकती मी खिशात घालून सांगलीला आणली. परतल्यावर भाच्याची खुशाली सांगायला ताईकडे गेलो. पुरणपोळ्या होत्या. तिसरीनंतर मी ऐटीत चकती काढून ताटावर ठेवली.

"हे काय रे?"

मी सगळं सविस्तर सांगितलं. ही ठेवली की जर्मनीत ब्रह्मदेव आला तरी वाढत नाही. ताईने लक्ष देऊन ऐकलं. मग चकती उचलली, दोन पोळ्या वाढल्या, वर तुपाची धार सोडली आणि चकती परत वर ठेवली.

"झाकून असू दे. गार व्हायला नको."