गंधमुक्तीच्या पत्रिकेत आजीचं माहेर नसतं

खान्देशातली कुठलीही गंधमुक्तीची, म्हणजे माणूस गेल्यावरच्या उत्तरकार्याची, पत्रिका उचलून बघा. आजीचं नाव, नवऱ्याचं नाव, "अल्पशा आजाराने" आणि खाली शोकाकुल म्हणून मुलं, पुतणे, नातू, पणतू यांची फौज. चौकातल्या फ्लेक्सवर "प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू". ही विशेषणं गल्लीतल्या कुठल्याही म्हातारीला चालतात. तिचं माहेर कोणतं, तिथे तिला कोणत्या नावाने हाक मारत, हे विचारलं तर शोकाकुल मंडळी एकमेकांकडे बघतात.

आजी आठवणीत ठेवायची असेल तर ती बसती-बोलती असतानाच तिच्याकडून नीट, नेमकं लिहून घ्यावं लागतं. हे काम मायेचं कमी आणि चिकाटीचं जास्त आहे.

पहिली चूक प्रश्नातच होते. "आजी, तुझं बालपण कसं होतं?" असं विचारलं की उत्तर येतं, "बरं होतं बाबा," आणि विषय संपतो. त्याऐवजी विचारा: पाणी कुठून आणायचीस? एका खेपेला किती हंडे? विहिरीवर तुझ्यासोबत कोण असायचं? सासरी आल्यावर पहिल्या दिवशी स्वयंपाक कोणी केला? हाताला धरून कामातून नेलं की बाई बोलायला लागते. जात्यावरच्या ओव्यांचंही तेच. खुर्चीत बसवून "ओवी म्हण" म्हटलं तर दोन ओळींवर अडते. घरात जुनं घरोट, म्हणजे जातं, असेल तर समोर ठेवा, खुंट्याला हात लागू द्या. हात फिरायला लागला की शब्द मागून येतात, कारण ओवी तिने पाठ केलेली नसते, दळताना म्हटलेली असते.

बसायची वेळ दुपारची, तिची झोप झाल्यावर. अर्ध्या-पाऊण तासाच्या पुढे ताणू नका. मोबाईल फ्लाइट मोडवर टाका, घडी घातलेल्या टॉवेलवर तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर ठेवा. पंखा बंद. रेकॉर्डिंगची माती सगळ्यात जास्त पंखाच करतो. त्या वेळी जाणवत नाही, नंतर ऐकताना फक्त घरघर येते. ज्या कानाने नीट ऐकू येतं त्या बाजूला बसा. कवळी असेल तर ती लावलेली असू द्या. आणि आजोबांना शेतावर पाठवा, कारण ते खोलीत असले की तिच्या आयुष्याची उत्तरं तेच देतात. फाईल व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज करून पाठवली की झालं, असं समजू नका. मूळ फाईल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, नावात तारीख, गाव आणि विषय टाका.

ती अहिराणी बोलत असेल तर अहिराणीच लिहा. यावल-रावेरकडची लेवा बोली असेल तर ती. "बहात्तरना दुस्काय पडना तवय मनी धाकली आंडेर पोटमा व्हती" या वाक्याचं "१९७२च्या दुष्काळात माझी धाकटी मुलगी पोटात होती" असं केलं की माहिती उरते आणि आजी जाते. बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या. लिहिता येत नसलेल्या त्या बाईची गाणी घरच्यांनी कागदावर उतरवून ठेवली होती आणि ती बोलीतच ठेवली, म्हणून १९५२ साली छापली गेली. आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. तेव्हा कोणी ती "शुद्ध" करत बसलं असतं तर?

आता सालांचं. आधार कार्डावरच्या १ जानेवारीवर आणि शाळेच्या दाखल्यातल्या १ जूनवर विश्वास ठेवू नका. त्या तारखा टेबलापलीकडच्या माणसाच्या सोयीच्या असतात. आजीला साल ठाऊक नसतं, पण "आधी की नंतर" पक्कं ठाऊक असतं. म्हणून खुंट्या रोवायच्या: नवे पैसे आले (१९५७), महाराष्ट्र झाला (१९६०), गिरणा धरण झालं (१९६९), बहात्तरचा दुष्काळ, इंदिरा गांधी गेल्या (१९८४). लग्नात आहेर आण्यांत पडला की नव्या पैशांत? दुष्काळात खडी फोडायला गेलीस तेव्हा कडेवर कोण होतं? वरच्या वाक्यातली धाकटी आंडेर १९७२-७३ची निघते. ती पाचवी असेल आणि दोन मुलांत अडीच-तीन वर्षांचं अंतर असेल, तर थोरला १९६०-६३चा आणि लग्न त्याच्याही आधीचं. मात्र आणे नव्या पैशांसोबत काही वर्षं चालत होते, म्हणून एका खुंटीवर साल ठरवू नका, दोन तरी जुळल्या पाहिजेत. मुलं मोजताना गेलेली मुलंही मोजावी लागतात. तो प्रश्न एकदाच, हळू आवाजात विचारायचा. ती गप्प झाली तर तिथेच थांबायचं.

कागद हवाच असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, मिळतं का बघा. जुनी पानं मोडीत असू शकतात, वाचणारा सोबत न्या. पण मुलीच्या जन्मापुढे बऱ्याचदा नावच नसतं, नुसतं "मुलगी". त्यापेक्षा तिच्या माहेरच्या जमिनीचे जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, काढा. तिचे वडील गेल्यावर वारस म्हणून बहिणींची नावं लागली असतील तर तिथे ती सापडते. आणि पुढच्या एखाद्या फेरफारात हक्कसोडीने ते नाव कमी झालेलंही सापडतं. वडिलांच्या मिळकतीत मुलीला वाटा १९५६च्या कायद्याने दिला. तो तिने का सोडला, अंगठा कुठे दिला, बदल्यात काय मिळालं, साडी की तेही नाही, हे विचारायला नातवंडं कचरतात. माझ्या मते हा प्रश्न टाळून लिहिलेलं आजीचं चरित्र म्हणजे फ्लेक्सच.

सगळ्यात मोठी फसगत रेसिपीत होते. "आजीच्या हातची चव" म्हणून सगळे गळा काढतात आणि वहीत लिहिलेलं असतं "मीठ अंदाजाने". अंदाज मोजता येतो. बिबड्यांचंच, म्हणजे ज्वारीच्या पापडांचंच, घ्या. चैत्र-वैशाखात ती बिबडे करायला बसेल तेव्हा शेजारी वजनकाटा घेऊन बसा. मिठाचा डबा आधी तोला, तिने मीठ घातल्यावर पुन्हा तोला. फरक म्हणजे तिची मूठ. तिखट, तीळ, जिरं, लसूण सगळ्याचं असंच. तिला मोजायला लावू नका, मोजायला लागली की तिचा हात चुकतो. एका दिवसाच्या आकड्यावरही विसंबू नका, तीन घाण्यांची सरासरी काढा.

मग खुणा लिहा, कारण वजनापेक्षा त्या महत्त्वाच्या. ज्वारी तीन दिवस भिजते, पाणी रोज बदलायचं. चुकलं तर वास येतो आणि बिबडा आंबटतो. कांडून-चाळून कोंडा वेगळा झाला की रवा आधणात शिजतो. कधी झालं? ओलं बोट लावलं आणि चिकटलं नाही की. कच्चा राहिला तर वाळताना तडकतो, जाड थापला तर तळताना मध्ये टणक राहतो. ओलं पीठ चाखताना मीठ किंचित कमी लागलं पाहिजे, पाणी उडालं की ते आपोआप चढतं. ओल्या कापडावर थापायचे, आणि वाळत आल्यावर कापडाला मागून पाणी लावून सोडवायचे. कळण्याच्या भाकरीतलं ज्वारी-उडदाचं प्रमाणही घराघरात वेगळं. दळणाचा डबा गिरणीत जाण्याआधी तोलून घ्या.

आजी गेली असेल आणि यातलं काही झालं नसेल, तर गंधमुक्तीपर्यंतच्या दुपारी वाया घालवू नका. बहिणी, नणंदा, जावा, माहेरच्या भावजया एकाच ओसरीवर परत कधी बसतील सांगता येत नाही. जुने फोटो त्यांच्यासमोर ठेवा. एकीने नाव चुकवलं की दुसरी लगेच दुरुस्त करते. नावं फोटोच्या मागे पेन्सिलीने, हलक्या हाताने, कडेला लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. अल्बमला चिकटलेले फोटो ओढू नका, आहे तसे मोबाईलवर टिपा. लॅमिनेशन तर नकोच.

आणि पत्रिका छापायला टाकताना शोकाकुलमधली दोन नावं कमी करून तिच्या माहेरच्या गावाला एक ओळ द्या. प्रेसवाल्याला जास्तीचे पैसेही पडत नाहीत.