रंग दिसला तरच तक्रार करा

तळोजा-पनवेलच्या बाजूला घर घेताय? वा! पाण्याची चिंता करू नका, फक्त रंग ओळखायला शिका.

ऑगस्ट २०१७ आठवत असेलच. तळोजा एमआयडीसीत निळी कुत्री हिंडायला लागली. फोटो जगभर फिरले, आणि एका कारखान्याला टाळं लागलं. कासाडी नदीतल्या मासेमारीची वाट लागल्याचं तिथले कोळी सांगत होतेच, पण नदीला शेपूट नाही, तिचा फोटो गोंडस येत नाही. डोंबिवलीत २०१४ साली हिरवा पाऊस पडला, २०२० साली रस्ता गुलाबी झाला, की कॅमेरे धावले. रंग असला की दखल घेतली जाते.

म्हणून शिसं, पारा आणि कॅडमियम ही विषारी धातूंची मंडळी हुशार म्हणायची. पाण्यात उतरली की रंग नाही, वास नाही, चव नाही. तक्रार करणार तरी कशाची?

आता घरात काय कराल? पाणी उकळा, आजीनं सांगितलंय तसं. जंतू मरतील. शिसं जंतू नसल्यामुळे मरणार नाही, पण निराश होऊ नका. दूध आटवल्यावर बासुंदी होते ना, तसं पाणी आटेल आणि शिसं जिथल्या तिथे राहून दाट होईल.

शंका उरलीच, तर फिल्टरवाल्या पोराला बोलवा. आमच्याकडे आला होता. खिशातून पेन काढलं, पेल्यात बुडवलं, आकडा आला १८०. 'काका, झक्कास पाणी!' त्या पेनाला सगळे क्षार एकत्र मोजता येतात, लिटरला मिलिग्रॅममध्ये. भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियमची ०.००३, पाऱ्याची ०.००१. म्हणजे १८० च्या गर्दीत शिसं मर्यादेच्या दहापट असलं, तरी ०.१. पेनाला ते दिसणारच नाही. मी मान डोलावली आणि चहा ठेवला. त्याच पाण्याचा.

प्रयोगशाळेच्या फंदात पडू नका. तिथे धातू वेगळे तपासून मागावे लागतात, पैसे पडतात, आणि आकडा आलाच तर तो घेऊन कुठल्या टेबलावर जायचं हे शोधण्यात सुट्ट्या संपतात. त्यापेक्षा 'कुठेतरी पाणी मुरतंय' म्हणा आणि सोडून द्या. बोअरवेलच्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे.

खाडीची निवटी मासळी मात्र सोडू नका. धातू तळाच्या चिखलात बसतात, निवटीही चिखलातच राहते. ताज्या मालाची इतकी खात्री दुसरीकडे कुठे मिळणार? पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात, आणि ताटात घेण्याइतकी दोस्ती दुसरी नाही.

एक खबरदारी घ्याच. मांजर पाळा. जपानमध्ये मिनामाताला कारखान्याचा पारा माशांत उतरला, तेव्हा माणसांच्या आधी मांजरं झिंगल्यासारखी नाचायला लागली होती. माणसांचा आजार १९५६ साली नोंदला गेला; दोष कारखान्याच्या पाण्याचा, हे सरकारने मान्य केलं १९६८ साली. आपल्याकडे तेवढी घाई होणार नाही. तोवर मांजराला रोज खाडीतल्या बोईट माशाचं डोकं घाला आणि ते ओट्यावरून सरळ उडी मारतंय का बघत बसा. पेनापेक्षा स्वस्त पडतं.

आमचं काल दोनदा चुकलं. म्हातारं झालंय, दुसरं काय.