डावा पाय, आठ महिने

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत जन्मलेल्या माणसाने फुटबॉल लॅपटॉपवर खेळावा, ही मुळातच लाजेची गोष्ट आहे. त्यातही स्वतः चेंडूला पाय न लावता नुसता संघाचा व्यवस्थापक होऊन खेळावा, हे तर आमच्या घरी आजतागायत कोणाला धड समजावून सांगता आलेले नाही. शाहू स्टेडियमवर सामना असला की गल्लीतली निम्मी पोरे झेंडे घेऊन तिकडे धावतात, आणि मी मात्र रात्री अकरा वाजता, पतसंस्थेतले हिशेब मिटवून आल्यावर, पोर्तुगालमधल्या एका दुय्यम संघाच्या बुधवारच्या सरावाची काळजी करत बसतो.

खेळाडू विकत घेणे, संघ मांडणे, सामना बघणे इथपर्यंत सगळे सुखाचे आहे. दुःख सुरू होते ते सरावाच्या पानावर. तिथे दिवसाचे तीन याप्रमाणे आठवड्याचे 21 चौकोन असतात आणि प्रत्येक चौकोनात काय घालायचे ते आपण ठरवायचे. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी विश्रांती, मधल्या दिवसांत दमसास आणि ताकद, आदल्या दिवशी कॉर्नर आणि फ्री किक, कारण त्या सरावाचा फायदा फक्त पुढच्या सामन्यापुरताच टिकतो. गोलकीपरचा गट वेगळा, बचावाचा वेगळा, आक्रमणाचा वेगळा. मुलीच्या शाळेचे वेळापत्रक मी आजवर एकदाही नीट वाचलेले नाही, पण या 21 चौकोनांवर मी खोडरबर झिजेल इतके काम केले आहे. एका चौकोनात लोकांमध्ये मिसळण्याचाही कार्यक्रम ठेवता येतो, त्याने म्हणे संघभावना वाढते. हा चौकोन ज्याने बनवला तो कोल्हापुरात आलेला नसावा. इथे सामना हरलेल्या खेळाडूला लोकांमध्ये मिसळायला वेगळे पाठवावे लागत नाही. चहाच्या गाड्यावर तो पोचायच्या आत लोकच त्याच्यात मिसळतात.

एवढे करून हाती काय येते, तर बाण. प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक गुणाला 1 ते 20 मध्ये आकडा असतो, आणि सराव मानवला की त्या आकड्याशेजारी एक हिरवा बाण उगवतो, बिघडला तर लाल. पुष्कळदा आकडा जागचा हलत नाही, नुसता बाणच येतो; म्हणजे आत काहीतरी झाले आहे, पण किती झाले ते आपण विचारायचे नाही. पतसंस्थेत एखाद्या ठेवीदाराला मी रकमेऐवजी नुसता हिरवा बाण दाखवला, तर तो मला काऊंटरच्या अलीकडे ओढून काढेल.

माझ्या संघात एकोणीस वर्षांचा एक विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने चढाई करणारा खेळाडू, आहे. संगणकानेच जन्माला घातलेला, उजव्या पायाचा, वाऱ्यासारखा पळणारा आणि डावा पाय केवळ उभे राहण्यापुरता वापरणारा. त्याच्या डाव्या पायासाठी मी वेगळा सराव लावला, आणि खेळातल्या तारखांप्रमाणे आठ महिने तो चालू ठेवला. दर आठवड्याला त्याच्या सरावाला गुण मिळत, ते बरे दिसले की मी शाबासकी देई, आणि त्यावर तो, आपण फक्त आपले काम केले, असे तोंड करून सांगे. सराव दुप्पट कडक केला तर ओझे फार झाले म्हणून तक्रार घेऊन दारात उभा. आणि आमचा सहायक प्रशिक्षक दर महिन्याला त्याच शब्दांत कळवी की प्रगती समाधानकारक आहे. कशाने समाधानकारक, कुठे अडले आहे, डावा पाय मनाने अडतो की घोट्याने, यावर एक अवाक्षर नाही.

एके रात्री आण्णा मागे येऊन उभे राहिले. आण्णा म्हणजे माझे थोरले चुलते, वय एकाहत्तर, तालमीच्या फुटबॉल संघाचे एकेकाळचे गोली; हाताची दोन बोटे अजून सरळ होत नाहीत.

"काय बघालायस एवढं?"

मी सांगितले. त्यांनी चष्मा खाली ओढला आणि पडद्यावर मुंगीएवढ्या दिसणाऱ्या त्या पोराला दोन हल्ल्यांपुरते पाहिले.

"डाव्या पायाचं काय घेऊन बसलायस, खुळ्या? चेंडू आला की मान खाली घालालाय बघ. डावीकडं जागा हाय हे त्याला दिसतंय कुठं? आधी मान वर काढाय शिकीव."

मी सगळे मेनू पालथे घातले. दमसास होता, हेडिंग होते, खेळाची नजर म्हणून एक आकडाही होता आणि तो नऊ होता. पण मान वर काढणे कुठेच नव्हते. तेव्हा मला या खेळात नेमके काय हवे आहे ते कळले. आणखी चौकोन नकोत, आणखी बाण तर नकोतच. मैदानाच्या कडेला उभा राहून, हाताची घडी घालून, हा का अडतोय ते एका वाक्यात सांगणारा माणूस हवा. तालमीत त्याला वस्ताद म्हणतात. पैलवानाचा डाव फसला की हौद्याच्या काठावरून तो कमरेकडे बोट दाखवतो. बैठकांचा आकडा वाचून दाखवत नाही.

खेळ बनवणाऱ्यांना कळवण्यासाठी मी रीतसर पत्र लिहायला घेतले. त्यात मागणी केली की प्रशिक्षकाच्या अहवालात प्रगतीबरोबर कारणही लिहावे, एखाद्या दिवसाचा सराव मैदानावर चालताना बघता यावा, आणि अनुभवी प्रशिक्षकाला खेळाडूची खोड लवकर व नवख्याला उशिरा ओळखता यावी, म्हणजे चांगला प्रशिक्षक नेमण्याला काही अर्थ राहील. आण्णा शेजारी स्टूल ओढून बसले होते. 2017 साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तो काय असले चौकोन भरून झाला का, असे त्यांनी विचारले. त्याच्याही सरावाचे वेळापत्रक कोणीतरी आखलेच असेल, असे मी म्हणालो. "आखलं असंल. पण बघाय कुणीतरी उभं हुतं न्हवं?" यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, म्हणून तेही वाक्य मी पत्रात घातले.

पत्र संपेस्तोवर एक वाजला. आण्णा उठले, पडद्याकडे पुन्हा एकदा पाहिले आणि म्हणाले, "त्या पोराला उद्या साडेपाचला गांधी मैदानावर यायला सांग."

"आण्णा, तो संगणकातला आहे."

"मग तू ये."

मी गेलो. पोट आत ओढून, मुलीच्या शाळेचे बूट घालून, कारण माझे सापडले नाहीत. आण्णांनी चेंडू दोनदा जमिनीवर आपटून पाहिला आणि पहिलाच माझ्या डाव्या पायावर टाकला. मी मान खाली घातली.