पट्टी एक, पोरं निराळी

वेगवेगळ्या समाजांतल्या किशोरांचा चिवटपणा, म्हणजे संकटातून सावरायची ताकद, एकाच प्रश्नावलीने मोजावी का, अशी शंका घेणारा एक लेख वाचला. ती शंका पटली. मी सांगली जिल्ह्यात पलूसकडं नववीला शिकवतो. २०१९ च्या महापुरानंतर आमच्या वर्गातही असला एक फॉर्म भरून घेतला होता. 'संकटातून मी लवकर सावरतो' या वाक्यावर एक मुलगी अडली. म्हणाली, "सर, मी का आम्ही?" घर सगळ्यांनी मिळून उपसलेलं, एकटीचं काय लिहिणार? बीडकडून आलेल्या ऊसतोड्याच्या पोरानं तर सगळीकडं 'नेहमी'वर खूण केली. त्याला ती परीक्षाच वाटली! गुण मात्र त्यालाच सर्वांत जास्त.

चिवटपणा मोजणारी २००३ ची कॉनर-डेव्हिडसन मोजपट्टी (म्हणजे असलीच प्रश्नावली) २५ वाक्यांची, तिचा भर माणसाच्या स्वतःच्या गुणांवर. याच विषयाचे कॅनडातले संशोधक मायकेल उंगर यांच्या गटाने ११ देशांतल्या १४ ठिकाणी काम करून २८ प्रश्नांची पट्टी केली. तीत भूक लागली तर पुरेसं खायला असतं का, हेही विचारलंय. आमच्याकडं प्रश्नाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

अशा पट्टीचं नुसतं मराठी भाषांतर करून भागत नाही. ऊसतोड्यांच्या कोपीतल्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीतल्या पोराचे ७० गुण आणि बंगल्यातल्याचे ७० यांचा अर्थ एकच आहे का, हे आधी तपासा, मग तुलना करा.